फिलाडेल्फियाचं चिमुकलं गुणसूत्र

संमेलनाध्यक्ष, वक्ते आणि लांबलांबच्या गावांहून आलेल्या विज्ञानप्रेमी मराठी बंधुभगिनींनो, स्वागत समिती आपलं फिलाडेल्फियात मनःपूर्वक स्वागत करते.

या शहराचं कौतुक कुठून सुरू करावं? बेंजामिन फ्रँकलिन आणि डॉ. थॉमस बाँड यांनी १७५१ मध्ये इथे रुग्णालय स्थापन केलं, ते या देशातलं पहिलं. १७६५ मध्ये देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालयही इथेच निघालं. आणि मराठी माणसाला हे शहर आनंदीबाई जोशींचं! मार्च १८८६ मध्ये त्या इथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

संमेलनाचा विषय गुणसूत्रं आणि कॅन्सर. तेव्हा पहिला मान प्रा. पीटर नोवेल यांचा. ते याच शहरात १९२८ साली जन्मले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकले आणि १९५६ मध्ये तिथेच परतले. ल्युकेमियाच्या पेशींच्या काचपट्ट्या त्यांनी नळाच्या साध्या पाण्याने धुतल्या. पेशी फुगल्या आणि एकमेकांत गुंतलेली गुणसूत्रं सुटी होऊन दिसू लागली. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना विभागायला लावणारा पदार्थही त्यांनाच राजम्याच्या अर्कात सापडला. तोवर तो अर्क तांबड्या पेशी गोळा करून बाजूला काढण्यापुरता वापरत.

पण गुणसूत्रं वाचण्यात मुरलेली नजर होती डेव्हिड हंगरफोर्ड यांची. त्यांच्याविषयी चार शब्द जास्त बोलायलाच हवेत. फॉक्स चेसच्या कॅन्सर संशोधन संस्थेतले हे तरुण संशोधक तेव्हा प्रबंधासाठी गुणसूत्रांच्याच मागे होते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र तोकडं आहे, हे त्यांनी हेरलं. १९६० मध्ये दोघांनी ते जाहीर केलं. एका विशिष्ट कॅन्सरशी कायम जोडलेला गुणसूत्रातला बदल प्रथमच हाती लागला होता. त्याला नाव मिळालं या शहराचं: फिलाडेल्फिया क्रोमोसोम. १९९८ चा लास्कर पुरस्कार नोवेल, शिकागोच्या जॅनेट राउली आणि फॉक्स चेसचे आल्फ्रेड नूडसन यांना मिळाला. हंगरफोर्ड १९९३ मध्येच निवर्तले होते. म्हणून पहिल्या सत्राआधी त्यांचं नाव या व्यासपीठावरून घेतलं जावं, हा समितीचा आग्रह.

९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलेली असते, हे राउलींनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या जोडातून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणारं इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. नोवेल यांनी १९७६ मध्येच त्यापुढचा विचार मांडला होता: गाठ एका पेशीपासून सुरू होते, तिच्या वंशात नवे बदल होत राहतात आणि तगणारी पेशीकुळं वरचढ ठरतात. एकाच रुग्णाचा कॅन्सर काही काळाने औषधाला दाद का देत नाही, याचं उत्तर शोधणारे आजही इथूनच सुरुवात करतात.

आता व्यवस्थेविषयी. सभागृह मध्यवस्तीत मिळालं, पण पार्किंग दोन गल्ल्या पलीकडे आहे. ज्येष्ठांना चालावं लागलं, याबद्दल समिती क्षमा मागते. काहींची उतरण्याची सोय दूरच्या उपनगरांत करावी लागली, रात्री उशिरा पोचलेल्यांना गार पिठलं-भाकरीवर भागवावं लागलं, तेही आपण पोटात घालावं. नावं जाहीर करू नका, असं बजावून सढळ हाताने मदत करणारे देणगीदार, घरोघरी पोहे-उपमा करून आणणाऱ्या भगिनी, मध्यरात्री विमानतळावर गाड्या घेऊन उभे राहिलेले तरुण, ध्वनिव्यवस्था सांभाळणारी मुलं, या सर्वांची समिती ऋणी आहे. चहा मागच्या दालनात तयार आहे. पहिलं सत्र साडेनऊला सुरू होईल.