चिटपाखरू नाही म्हणजे काय?

मैत्रिणींनो, सातारा रस्त्यावर कापूरहोळपर्यंत ट्रकांचा धाक असतो. तिथून भोरकडे वळलं की तो ओसरतो. भोरच्या पुढे वरंध घाटाकडे तर वाहनं विरळच. एका अंगाला नीरा-देवघर धरणाचं पाणी, वळणं, चढ. सायकलवाले पुरुष कौतुकाने सांगतात, "चिटपाखरू नाही!" आपल्याला तेच ऐकून धडकी भरते.

पण त्याच रस्त्याने गावातल्या बाया डोक्यावर सरपण घेऊन चालत असतात. त्या मोजल्याच जात नाहीत, म्हणून रस्ता निर्जन!

"बायांनी असं जाऊ नये" हा सल्ला मला मान्य नाही. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, हे सरकारी आकडेच सांगतात. तरी घरात राहू नका, असं बाईला कोणी सांगत नाही. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतर साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. टोमणे त्यांनीही ऐकले. पण एकीमागून एक बाहेर पडल्या.

तेव्हा जाऊ या, पाचसहा जणी मिळून. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, म्हणून थंडीत. चढाला हलका गिअर, दम लागला तर उतरून ढकलायची. त्यात लाज कसली? लघवीला कुठे जायचं, हा खरा प्रश्न. हिर्डोशीसारख्या वाटेवरच्या गावात थांबून बायांनाच विचारू. त्यांचीही सोय असेलच असं नाही, तेही त्यांच्याकडूनच ऐकू.