सौर विजेची घटती किंमत आणि मलाजखंडचे तांबे

(मलाजखंड येथे मराठी भाषक रहिवाशांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तांब्याच्या खाणीच्या गावी येऊन सूर्याविषयी बोलणे काहीसे विजोड वाटण्याचा संभव आहे. परंतु सौर वीज स्वस्त कशी झाली आणि यापुढे ती किती स्वस्त होईल, या प्रश्नांचा माग घेत गेल्यास ती वाट अखेर येथील खाणीपाशीच येऊन पोहोचते. शिवाय बालाघाट जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात होता आणि येथील कित्येक घरांचे सोयरसंबंध आजही गोंदिया-भंडाऱ्याकडे आहेत. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंचा विचार आज करावयाचा आहे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला. त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचेच विजेत रूपांतर होई. किंमत इतकी अवाढव्य होती की, कृत्रिम उपग्रहांखेरीज त्यास गिऱ्हाईक नव्हते. १९७७ च्या सुमारासही एका वॅटच्या सौरघटास सुमारे ७६ डॉलर पडत. आज बाजारातील पॅनेल २० टक्क्यांहून अधिक ऊर्जेचे रूपांतर करते आणि त्याच एका वॅटची जागतिक बाजारातील किंमत पाव डॉलरच्याही खाली गेली आहे. एवढी घसरण कोणा एका शोधाने झालेली नाही. सिलिकॉनच्या चकत्या पातळ झाल्या, त्या कापताना वाया जाणारा भुसा कमी झाला, भट्ट्या मोठ्या झाल्या, सदोष मालाचे प्रमाण घटले. ही सारी कारखान्याच्या फरशीवरची सुधारणा होय आणि ती माल खपत असेल तरच घडते. आतापर्यंतचा एकूण खप दुप्पट झाला की किंमत सुमारे एक पंचमांशाने उतरते, असा अनुभव गेल्या कित्येक दशकांत येत गेला आहे.

मग हा आरंभीचा महाग माल घेतला कोणी? त्याचे श्रेय बऱ्याच अंशी जर्मनीस द्यावे लागेल. २००० साली तेथे कायदा होऊन सौर विजेस ठरावीक चढा दर अनेक वर्षे देण्याची हमी मिळाली. त्या मागणीच्या भरवशावर पुढे चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले. जर्मन ग्राहकाने वीजदेयकातून जो भार सोसला, त्याचे फळ आज आपण चाखीत आहोत. ही गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवीत नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय सौर अभियानास जानेवारी २०१० मध्ये आरंभ झाला. त्या वेळी केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने सौरघटांच्या विजेचा दर युनिटमागे १७ रुपये ९१ पैसे धरला होता. त्याच वर्षाअखेर निविदा मागविल्या, तेव्हा सरासरी दर १२ रुपयांच्या आसपास आला. नंतरचा महत्त्वाचा टप्पा याच राज्यातला आहे. रीवा येथील ७५० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये लिलाव झाला आणि पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे ठरला. तेथील ऊन काही देशातील सर्वांत प्रखर नव्हे. जमीन तयार होती, वीज वाहून नेण्याची सोय आखलेली होती आणि देयक थकल्यास पैसे मिळण्याची शासनाची हमी होती. त्यामुळे कर्ज देणाऱ्यास धास्ती उरली नाही व व्याज उतरले. सौर विजेस इंधन लागत नसल्यामुळे तिचा जवळजवळ सारा खर्च पहिल्याच दिवशी होतो. म्हणूनच तिच्या दरात उन्हाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वजन व्याजाचे असते. पुढे डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे हा दर निघाला, आणि जानेवारी २०२५ अखेर देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॅटच्या पलीकडे गेली.

तथापि ही उतरण अखंड नाही. २००५ नंतर काही वर्षे शुद्ध सिलिकॉनचा तुटवडा पडून किमती अडून राहिल्या. २०२१-२२ मध्येही तसेच घडले. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलांवर ४० टक्के सीमाशुल्क लागले, तेव्हा लिलावातील दरही पुन्हा वर सरकले.

आता तांब्याकडे वळू. सौर प्रकल्पात पॅनेलांतील पट्ट्या, जमिनीखालच्या केबली, रोहित्रांची वेटोळी आणि भूसंपर्कन या सर्वांस तांबे लागते. एका मेगावॅटला किती, याविषयीचे अंदाज सुमारे ३ टनांपासून ५ टनांपर्यंत आहेत. त्यांतला लहान आकडा घेतला तरी रीवाएवढ्या प्रकल्पास २,२५० टन तांबे हवे. येथील धातुकात तांब्याचे प्रमाण ढोबळमानाने शेकडा एक आहे. म्हणजे तेवढ्या तांब्यासाठी सव्वा दोन लाख टन धातुक काढावे व दळावे लागेल. शुद्धीकरणातील घट आणि बाजूस टाकावा लागणारा दगड यांचा हिशेब वेगळाच. हे आपणांस मी सांगावयास नको. हिंदुस्थान कॉपर लिमिटेडच्या या प्रकल्पाची उघडी खाण १९८२ पासून देशातील तांब्याचा प्रमुख आधार ठरली आहे आणि तिच्या तळाखालील धातुक काढण्यासाठी भूमिगत खाणकाम हाती घेण्यात आले आहे.

येथेच दोन वाटा परस्परविरुद्ध दिशांना जातात. सिलिकॉन वाळूपासून मिळते, त्याची पृथ्वीवर वाण नाही आणि जितके अधिक बनवावे तितके ते स्वस्त पडत गेले. तांब्याचे तसे नाही. मागणी वाढली की खाण खोल न्यावी लागते. खोल गेले की पाणी उपसणे, हवा खेळविणे, दगडास आधार देणे यांचा खर्च वाढतो. जुन्या खाणींतून मिळणारे धातुकही जगभर हळूहळू हलके होत चालले आहे. सौरघटावरील बारीक रेषांसाठी लागणाऱ्या चांदीचेही तेच. म्हणून कारखानदार आता चांदीच्या जागी तांबे व जाड केबलींत तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम वापरू पाहतात. पॅनेलाची किंमत यापुढेही उतरेल, परंतु केबल, सांगाडा, मजुरी आणि व्याज तिच्या बरोबरीने उतरणार नाहीत. पॅनेल जितके स्वस्त होईल, तितका एकूण खर्चात या इतर बाबींचा वाटा वाढत जाणार. माझ्या मते पुढील काळातील घसरण मागच्याहून मंद असेल ती यामुळे.

सौर विजेस स्वच्छ म्हणताना दळण-कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाळाचाही विचार व्हावयास हवा. हा गाळ कसा साठविला जातो आणि पावसाचे पाणी त्यातून कोठे झिरपते, हा बंजर नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. खाली दिल्लीची मेट्रो रीवाच्या विजेवर धावते म्हणून येथील ओढ्याचे पाणी दुय्यम ठरत नाही.

आपणांपैकी अनेकांच्या मनात एक व्यावहारिक प्रश्न असेल. दर उतरतच आहेत, तर छतावर पॅनेले बसविण्यास आणखी थोडे थांबावे काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ५० हजार व तिसऱ्यास ४५ हजार रुपये खर्च धरला आहे. पहिल्या भागावर शेकडा ६० आणि दुसऱ्यावर शेकडा ४० प्रमाणे ७८ हजारांचे साहाय्य मिळते. म्हणजे १ लाख ४५ हजारांपैकी घरमालकाच्या वाट्यास ६७ हजार येतात. बाजारभाव याहून थोडा अधिक असू शकतो. ३ किलोवॅटपासून महिन्यास सुमारे ३०० युनिटे धरा. आपल्या देयकावर युनिटास ६ रुपये पडत असतील, तर वर्षास २१,६०० रुपये वाचतात. आता समजा, पॅनेलांची किंमत ६० हजार आहे आणि ती वर्षभरात दहा टक्क्यांनी उतरली. थांबणाऱ्याचे ६ हजार वाचतील खरे, परंतु देयकाचे २१,६०० गेलेले असतील. दहा वर्षांपूर्वी थांबण्यात शहाणपण असू शकत होते, आज ते नाही. ज्याचे देयक मुळातच अनुदानामुळे अगदी थोडे येते, त्याने मात्र हा हिशेब स्वतःच्या आकड्यांवर करून पाहावा. त्याच्या बाबतीत घाई नसली तरी चालेल.

शेतकऱ्याचा हिशेब निराळा. त्याला वीज दिवसा हवी असते. रात्रीच्या पाळीस साप-विंचवाच्या भीतीने पाणी देणे टळावे, एवढ्यासाठीच सौरपंप त्यास मोलाचा वाटतो. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ लहान प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज देण्याचे काम २०१७ पासून सुरू झाले. २०२३ मध्ये त्याचा विस्तार करण्यात आला. ज्याचे काम दिवसाच उरकते, त्याला सूर्य पुरेसा आहे. आपल्या खाणीतील उपसापंप व दळणयंत्रे तर रात्रंदिवस चालतात. त्यांना सायंकाळनंतरची वीज साठवणुकीतून किंवा औष्णिक केंद्रांतूनच घ्यावी लागेल. बॅटऱ्यांच्या किमतीही वेगाने उतरत आहेत, परंतु दुपारच्या अडीच रुपयांच्या विजेची रात्री नऊला तीच किंमत राहत नाही.

बसविणाऱ्यांसाठी दोन सूचना. दगड फोडणाऱ्या गावात पॅनेलांवर धूळ लवकर साचते. ती सकाळी, पॅनेले थंड असताना, साध्या पाण्याने धुवावी. दुपारी तापलेल्या काचेवर पाणी ओतू नये. पॅनेल पंचवीस वर्षे टिकण्याची अपेक्षा असते, पण इन्व्हर्टर मध्येच एकदा बदलावा लागतो. त्यासाठीची रक्कम आधीच बाजूस ठेवावी. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलावर करावयाचा असून मीटरचे काम येथे मध्य प्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे आणि गोंदियाकडील आपल्या नातलगांसाठी महावितरणकडे आहे. अर्जासोबत अलीकडील वीजदेयक ठेवावे आणि छत आपल्या मालकीचे असल्याची खात्री करून घ्यावी. कंपनीच्या वसाहतीत राहणाऱ्यांनी प्रथम व्यवस्थापनाची अनुमती विचारावी.