बाई, उत्तर उशिरा देते आहे



नववीत आपण मेणवलीला गेलो होतो, आठवतं? पोर्तुगीज घंटेसमोर उभं राहून "वसई, १७३९, चिमाजीअप्पा" असं एका सुरात म्हटलं. मग बाईंनी विचारलं, "घंटा जिथून आली, तिथं आता काय आहे?" सगळ्यांना डबे उघडायची घाई. मी म्हणाले, "परीक्षेला नाही ना ते?" सगळे हसले. बाई गप्प झाल्या.

पुढे इंजिनिअर झाले, मुंबईत नोकरी लागली. वसई लोकलच्या अंतरावर. तरी एवढ्या वर्षांत गेले नाही. या संमेलनाचं पत्र आलं आणि गेले.

बाई, तिथं तटाच्या आत एक अख्खं शहर होतं. १५३४ पासून दोनशे वर्षं नांदलेलं. आता छप्पर उडालेली चर्चं आहेत, भिंतींत झाडांची मुळं आहेत. एका चर्चच्या फरशीत थडग्यांचे दगड आहेत, नावं कोरलेले. मी चपला काढूनच पुढे गेले. चिमाजीअप्पांच्या पुतळ्यालाही हात जोडले. शरण आलेल्यांना त्यांनी चीजवस्तूंसह जाऊ दिलं होतं, हे मी आता वाचलं. बंदराकडे कोळीणी बोंबील वाळवत होत्या.

घंटेला आपण फक्त जिंकून आणलेली वस्तू समजलो. ती कुणाला तरी रोज प्रार्थनेला बोलवत होती.

परीक्षेला नव्हतं हे, बाई. तेव्हा तसं बोलले, त्याची आज सर्वांसमोर माफी मागते.