शालेय अभ्यासक्रमात नाट्यकलेचे स्थान

(नाशिक येथे गंगापूर रोडवर शिक्षक, शिक्षण विभागातील अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण ज्या रस्त्यावर जमलो आहोत, त्याच रस्त्यावर कुसुमाग्रजांचे स्मारक आहे. ‘नटसम्राट’ लिहिणारे शिरवाडकर आणि ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणारे प्राध्यापक वसंत कानेटकर हे दोघेही याच शहराचे रहिवासी. एवढा वारसा लाभलेल्या जिल्ह्यातही नाटक शाळेत येते ते बहुधा वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाच्या दिवशी, भाड्याच्या पोशाखात. ज्यांचे पाठांतर चांगले आणि आवाज मोठा, अशा सात-आठ मुलांची निवड होते. उरलेला वर्ग सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतो. हा सोहळा बंद करावा असे मी म्हणत नाही. परंतु त्याला नाट्यशिक्षण म्हणणे म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांना शारीरिक शिक्षण म्हणण्यासारखे आहे.

कागदोपत्री हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने संगीत, नृत्य, दृश्यकला आणि नाट्य या चारही कलांना शालेय शिक्षणात विषय म्हणून स्थान द्यावे, असे सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासक्रमातील विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातील भिंतच काढून टाकण्याची भूमिका घेतली. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या आराखड्यात कलाशिक्षण हे नववी-दहावीपर्यंत स्वतंत्र क्षेत्र म्हणून आले आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तिसरी व सहावीसाठी कलेची पाठ्यपुस्तकेही काढली. आपल्या राज्यात चित्रकलेला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांचा आधार पूर्वीपासून आहे. म्हणून चित्रकलेचा शिक्षक शाळेत टिकला. नाट्याला तसा आधार नव्हता. सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत बालरंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली, पुढे बालनाट्य स्पर्धाही होऊ लागल्या. तथापि ही चळवळ रंगमंचाची राहिली, वर्गाची झाली नाही.

वर्गातील नाट्य म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. हाच रस्ता पुढे गोदावरीवरील गंगापूर धरणाकडे जातो. टंचाईच्या वर्षी या खोऱ्यातील वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे की नाही, यावरून २०१२ नंतर अनेकदा तीव्र वाद झाले. सातवीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला हा वाद वर्गात उभा करता येईल. कोणी नाशिकचा द्राक्षबागायतदार, कोणी शहरातील गृहिणी, कोणी मराठवाड्यातील शेतकरी, कोणी पाटबंधारे खात्याचा अधिकारी. संवाद लिहून द्यावयाचे नाहीत. प्रत्येकाने आपली बाजू आपल्या शब्दांत मांडावयाची. अर्ध्या तासाने शिक्षकाने भूमिकांची अदलाबदल करावी. ज्या मुलाने आतापर्यंत ‘आमचे पाणी आमच्या बागेला’ असे ठासून सांगितले, त्यालाच आता पैठणच्या बाजूने बोलावे लागते. तो अडखळतो, थांबतो, मग विचार करू लागतो. समन्यायी पाणीवाटपाची व्याख्या पाठ करून हे घडत नाही. यासाठी पडदा लागत नाही, पोशाख लागत नाही. खोलीचा मध्यभाग मोकळा करावा लागतो, एवढेच. आणि इथे प्रेक्षक म्हणून कोणी उरत नाही, याला मी फार महत्त्व देतो.

आता अडचणीकडे वळू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीच्या वर्गांत विद्यार्थी शंभराहून अधिक असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. म्हणजे शंभरांच्या आतील शाळेला कलेचा निदेशक मागण्याचा आधारच नाही. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील पाड्यांवरच्या शाळा डोळ्यांपुढे आणा. दोन शिक्षक, अनेक इयत्ता आणि त्यावर माहितीच्या तक्त्यांचा भार. तेथे आणखी एक विषय आला असे परिपत्रकाने कळविले, तर शिक्षक तो नोंदवहीत भरील आणि तास गणिताला देईल. त्याला दोष कसा द्यावा?

मात्र त्याच धोरणात दोन वाटा दिलेल्या आहेत. एक, शाळासंकुल: जवळपासच्या शाळांनी मिळून कलाशिक्षक वाटून घ्यावा. दुसरी, स्थानिक कलांच्या जाणकारांना शाळेत मार्गदर्शक म्हणून बोलवावे. दुसरी वाट आपल्या जिल्ह्याला विशेष मोलाची आहे. पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात बोहाडा होतो. देवदानवांचे मुखवटे घालून, संबळाच्या ठेक्यावर रात्रभर सोंगे नाचतात. एकेक सोंग घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. ज्या मुलाला आपण वर्गात ‘बुजरा’ म्हणतो, त्याचा बाप गावापुढे मुखवटा बांधून उभा राहणारा असू शकतो. या माणसाजवळ चाल, ताल आणि देहबोली यांचे जे ज्ञान आहे, ते आमच्या डी. एड. च्या अभ्यासक्रमात नव्हते. एक पथ्य पाळावे: हे मुखवटे श्रद्धेचे आहेत, पाहुण्यांच्या स्वागतासाठी ते शाळेच्या ओट्यावर आणवू नयेत. त्या कलावंताकडून मुलांनी पावले शिकावीत, कागदाच्या लगद्याचे स्वतःचे मुखवटे करावेत, आणि त्याला शाळेत शिक्षकाइतकाच मान मिळावा. नुसता मान देऊन भागणार नाही; दिवसाची मजुरी बुडवून तो येतो, तेव्हा मानधनाचा विचार शाळा व्यवस्थापन समितीने आणि ग्रामपंचायतीने आधी करावयास हवा.

अधिकारी मित्रांना एवढीच विनंती की, या विषयाची लेखी परीक्षा घेण्याचा मोह टाळावा. तपासणीला गेल्यावर फलकावरची तासिका न पाहता वर्गात बसावे आणि आज किती मुले बोलली ते मोजावे.

जूनचे वेळापत्रक बहुतेक शाळांत सुट्टीपूर्वीच आखले जाते. त्यात नाट्याचा तास शनिवारी शेवटी टाकू नये, आठवड्याच्या मध्यावर घ्यावा. केंद्रप्रमुखांनी आपापल्या केंद्रातील सोंगाड्यांची, वादकांची आणि मुखवटे करणाऱ्यांची यादी त्यापूर्वी तयार करावी. उन्हाळ्यात गावोगाव बोहाडे असतात. ज्या शिक्षकांची त्या भागात नेमणूक आहे, त्यांनी यंदा एक रात्र तेथे जागून काढावी आणि सोंगांत आपले कोणकोणते विद्यार्थी दिसतात ते पाहून यावे.