एका इंग्रज दुकानदाराचा कुलवृत्तांत

राजांचे वंश भाट सांगतात, सरदारांचे वंश सनदा सांगतात. परंतु मीठ, मेणबत्त्या, सुतळी आणि चार वार कापड विकून पोट भरणाऱ्या माणसाचा वंश सांगावयास कोण बसलें आहे? इंग्लंडांतील एखाद्या खेड्याच्या दुकानदाराविषयीं हा प्रश्न विचारला, तर उत्तर मोठें चमत्कारिक मिळतें. त्याचा वंश सांगणारे चार-पांच जण असतात, आणि त्यांपैकीं एकालाहि त्या दुकानदाराविषयीं विशेष प्रेम नसतें. एक असतो गांवचा पाद्री, दुसरा कर वसूल करणारा, तिसरा गरिबांवरचा खर्च टाळूं पाहणारा गांवचा अधिकारी आणि चौथा मृत्युपत्रांच्या कोर्टांतला कारकून. प्रत्येकानें आपापल्या कामापुरतें लिहून ठेविलें. तीं तुटक वाक्यें एकापुढें एक मांडून एखादें माणूस उभें करणें, हेंच कुलवृत्तांताचें काम होय.

श्रोतेहो, हें काम नेहमीं उलट्या वाटेनें करावें लागतें. जिवंत माणसापासून निघावें आणि एकेक पिढी मागें जावें. दूरच्या एखाद्या नामांकित पूर्वजापासून आरंभ करून खालीं येणारा मनुष्य बहुधा दुसऱ्याच कोणाच्या घरांत शिरतो. पहिला टप्पा सोपा आहे. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्यें जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद होऊं लागली. त्यानंतर १८४१ ची खानेसुमारी आली. हींत घरोघरचीं नांवें आहेत; मात्र पंधरा वर्षांवरील माणसांचीं वयें पांचाच्या पटींत खालीं उतरवून लिहावीं अशी मोजणीदारांना सूचना होती, तेव्हां एकोणचाळीस वर्षांचा दुकानदार तेथें पस्तिसांचा दिसतो. १८५१ च्या खानेसुमारींत वय नीट आहे, घरच्या कर्त्याशीं नातें आहे, आणि मुख्य म्हणजे जन्मगांव आहे. दुकानदार म्हटला म्हणजे त्या काळच्या छापील व्यापारी सूच्यांतहि तो सांपडतो. येथवर सारें ठीक आहे. १८३७ च्या पलीकडे पाऊल टाकलें कीं खरी परीक्षा सुरू होते.

तेथें मुख्य आधार पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दींतील गांव-विभागाच्या, नोंदवहीचा. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें १५३८ सालीं प्रत्येक पॅरिशनें बाप्तिस्मे, विवाह व दफनें लिहून ठेवावीं असा हुकूम काढला. आरंभींच्या वह्या कागदाच्या होत्या व त्या कुजूं लागल्या. म्हणून १५९८ त असें ठरलें कीं जुनें सारें चर्मपत्रावर उतरून काढावें, विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनचें, आणि दरसाल एक प्रत बिशपकडे पाठवावी. ‘विशेषतः’ ह्या एका शब्दानें घात केला. पुष्कळ पाद्रीमहाशयांनीं १५५८ पासूनचें तेवढें उतरलें आणि आधींचीं वीस वर्षें सोडून दिलीं. कामचुकारपणाला कायद्यांत फट लागतेच, आणि ती येथें हुकूम काढणाऱ्यांनींच ठेविली होती. पुढें राजा व पार्लमेंट यांच्या युद्धांत अनेक वह्यांत वर्षेंच्या वर्षें कोरीं राहिलीं. शिवाय कालगणनेचा घोटाळा आहेच. १७५२ पूर्वी इंग्लंडांत कायद्यानें वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून वहींत १७३० च्या फेब्रुवारींत म्हणून लिहिलेलें मूल आपल्या गणनेनें १७३१ त जन्मलेलें असतें. हें ध्यानांत न घेतल्यामुळें कित्येक वंशवृक्षांत आईबापांच्या लग्नाआधीं मुलें जन्मास आलेलीं आहेत.

हें सारें एका खऱ्या दुकानदारावर लावून पाहिलें म्हणजे बरें कळतें. ससेक्स परगण्यांत, लुइस शहरापासून सात-आठ मैलांवर, ईस्ट होथली नांवाचें खेडें आहे. तेथें अठराव्या शतकाच्या मध्यावर थॉमस टर्नर नांवाचा दुकानदार होता. किराणा, कापड, टोप्या, हातमोजे, औषधें, लोखंडी सामान, कागद, सारें त्याच्या दुकानांत मिळे. आणि मरणाऱ्याच्या अंत्यविधीची व्यवस्थाहि तोच करी. त्याला निवडण्याचें कारण असें कीं, इतर दुकानदारांप्रमाणें त्याच्याविषयीं कोरडे कागद तर आहेतच. पण त्यानें १७५४ ते १७६५ अशीं अकरा वर्षें रोजनिशीहि लिहिली, आणि ती शिल्लक राहिली आहे. कागद काय सांगतात आणि काय गिळून बसतात, हें पडताळण्याची अशी संधि क्वचितच येते.

रोजनिशी क्षणभर बाजूस ठेवूं. कागदांवरून त्याचा माग काढणाऱ्यास पहिलीच ठेंच आडनांवाची लागते. टर्नर म्हणजे कातारी. जेथें लांकूड तेथें कातारी, आणि जेथें कातारी तेथें टर्नर. दक्षिण इंग्लंडांत ह्या नांवाला तोटा नाहीं, आणि थॉमस हें तर दारोदारचें नांव. दुसरी ठेंच स्थलांतराची. थॉमसचा बाप जॉन टर्नर हाहि दुकानदारच. त्याचें दुकान ससेक्समधील फ्रॅमफील्ड गांवीं होतें. पण तेथील वहींत थॉमसचा बाप्तिस्मा शोधणें व्यर्थ. तो १७२९ सालीं ग्रूमब्रिज येथें जन्मला, म्हणजे केंट परगण्यांत, ससेक्सच्या सीमेवर. अंतर थोडकेंच, परंतु परगणा बदलला कीं बिशप बदलतो, कोर्ट बदलतें आणि दप्तरखानाहि बदलतो. संशोधक फ्रॅमफील्डच्या वहीपाशींच अडून बसला, तर शेजारच्या एखाद्या पॅरिशमधला भलताच थॉमस टर्नर उचलून त्याच्या बापाच्या मांडीवर बसविण्याचा मोह त्याला होणारच.

अशा वेळीं उपयोगी पडतो तो ‘सेटलमेंट’चा कायदा. १६६२ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, गरीब माणसाला पोसण्याचा भार त्याच्या स्वतःच्या पॅरिशवर. मग तें पॅरिश कोणतें? जन्मलें तें, कीं उमेदवारी केली तें, कीं वर्षभर चाकरी केली तें, कीं सालीना दहा पौंडांच्या भाड्यानें जागा घेतली तें? ह्यावर अनंत वाद होत. दोन मॅजिस्ट्रेटांपुढें त्या गरिबाची जबानी होई आणि त्यांत त्याचें सारें आयुष्य उतरून घेतलें जाई: कोठें जन्मला, कोणाकडे किती वर्षें राबला, केव्हां लग्न केलें. म्हणून असा प्रकार घडतो कीं ज्याच्यावर दिवाळें काढण्याची पाळी आली त्या दुकानदाराचा पूर्ववृत्तांत मिळतो, आणि ज्याचें दुकान सुरळीत चाललें त्याचा मिळत नाहीं. उमेदवारीचेंहि तसेंच. १७१० पासून उमेदवार घेतांना मालकाला मिळणाऱ्या रकमेवर कर बसला आणि त्याच्या नोंदी १८११ पर्यंतच्या आहेत. पण बापाच्याच दुकानांत तराजू धरावयास शिकलेल्या मुलानें बापाला पैसे दिले नाहींत, म्हणून कर नाहीं, आणि कर नाहीं म्हणून नोंदहि नाहीं.

टर्नरचीं लग्नें दोन. पहिलें १७५३ च्या ऑक्टोबरांत, हार्टफील्डच्या मार्गारेट स्लेटर हिच्याशीं; दुसरें १७६५ च्या जूनमध्यें मॉली हिक्स हिच्याशीं. ह्या दोहोंच्या मध्यें विवाहाचा नवा कायदा आला. तो २५ मार्च १७५४ पासून अमलांत आला, आणि तेव्हांपासून विवाहाच्या नोंदीवर वधू, वर व दोन साक्षीदार यांच्या सह्या किंवा निशाण्या आवश्यक झाल्या. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यास ह्या सह्या म्हणजे मोठें घबाड वाटतें. आजोबांच्या आजोबांचें अक्षर पाहावयास मिळतें, आणि साक्षीदारांत बहुधा एखादा भाऊ किंवा मेहुणा सांपडतो. टर्नरच्या पहिल्या लग्नाला ह्या कायद्याचा लाभ पांच महिन्यांनीं हुकला.

आतां त्या पहिल्या संसाराविषयीं कागद काय सांगतात? चार ओळी. विवाह झाला. १७५४ च्या ऑगस्टांत पीटर नांवाचा मुलगा झाला. १७५५ च्या जानेवारींत तो गेला. १७६१ च्या जूनमध्यें मार्गारेट गेली. संशोधक ह्या चार ओळी वंशवृक्षांत भरतो, मुलाच्या नांवाखालीं आडवी रेघ ओढतो आणि पुढें जातो, कारण ह्या शाखेला वंश नाहीं.

रोजनिशी उघडली कीं त्या रेघेखालीं एक संसार दिसूं लागतो. नवराबायकोंत खटके उडत. टर्नर त्या भांडणांनीं इतका त्रासला होता कीं लग्नाविषयीं तो कित्येकदां निराशेनें लिहितो. तीच पेगी, मार्गारेटला तो पेगी म्हणे, संध्याकाळीं रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ कादंबरी त्याला वाचून दाखवी. पुढें ती दीर्घ आजारानें अंथरुणाला खिळली आणि ती गेल्यावर ह्याच माणसाला घर खायला उठलें. तिच्यासारखी सोबत पुन्हा मिळणार नाहीं असें तो वारंवार लिहूं लागला. ह्यांतलें कोणतें मत खरें, असा प्रश्न एखादा वकील विचारील. दोन्हीं खरीं असणार, कारण दोन्हीं त्या-त्या रात्रीं लिहिलीं आहेत आणि त्यानें मागाहून कोणतेंहि खोडलें नाहीं. चर्चच्या वहीला मात्र ह्यांतलें कांहींच कळलें नाहीं.

त्या वहीच्या रक्षकाविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. थॉमस पोर्टर हे गांवचे रेक्टर, आणि नोंदवही त्यांच्या अखत्यारींत. १७५८ च्या फेब्रुवारींतील एका पहाटे हे रेक्टरमहाशय, त्यांच्या पत्नी व आणखी कांहीं प्रतिष्ठित मंडळी मद्याच्या भरांत टर्नरच्या घरांत शिरली, त्याला बिछान्यांतून ओढून काढलें, बायकोचा घागरा नेसविला आणि नाचविलें. टर्नरनें हें खेदानें लिहून ठेविलें आहे. आपणहि पिण्यांत मागें नसतों, ह्याचाहि खेद तो अधूनमधून करतो. जुन्या नोंदवहीचें तें शांत, सरळ पान पाहतांना हा प्रसंग आठवला म्हणजे कागदाविषयींचा भाबडा आदर थोडा कमी होतो.

ह्याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. टर्नर स्वतःहि कागद लिहिणाऱ्यांपैकींच होता. तो चर्चवॉर्डन झाला, रस्त्यांचा सर्व्हेअर झाला, जमिनीचा व खिडक्यांचा कर त्यानें वसूल केला, आणि गरिबांचा ओव्हरसीअरहि तो होता. ओव्हरसीअर म्हणजे, वर सांगितलेल्या सेटलमेंटच्या कायद्याची गांवांत अंमलबजावणी करणारा. अविवाहित स्त्री गरोदर राहिली कीं तिचें मूल ज्या पॅरिशमध्यें जन्मेल त्याच्या गळ्यांत त्या मुलाचा खर्च पडे. म्हणून प्रसूतीपूर्वीं तिला हद्दीबाहेर घालवावें, किंवा मुलाच्या बापाचें नांव तिच्या तोंडून वदवून त्याला पकडावें, नाहींतर दोघांचें लग्नच लावून टाकावें, अशी खटपट ठिकठिकाणचे ओव्हरसीअर करीत. टर्नरनेंहि असल्या कामासाठीं घोड्यावरून गांवोगांव फेऱ्या घातल्या. त्या बायकांच्या जबान्या आज त्यांच्या वंशजांना अमोल वाटतात. त्यांत त्यांच्या पणजीचें नांव, गांव, वय मिळतें. पण ती पणजी मॅजिस्ट्रेटपुढें हौसेनें उभी राहिली नव्हती. तिला तेथें गांवच्या दुकानदारानें नेलें होतें. साखर तोलून देणारा आणि हद्दीबाहेर काढणारा हात एकच होता, हें त्या जबानींत लिहिलेलें नसतें.

मृत्युपत्रें व मालमत्तेच्या याद्या हा दुकानदाराच्या बाबतींत सर्वांत रसाळ भाग. मालमत्ता लहान असली तर मृत्युपत्र आर्चडीकनच्या कोर्टांत, निरनिराळ्या बिशपांच्या हद्दींत पसरलेली असली तर कँटरबरीच्या वरिष्ठ कोर्टांत मंजूर होई. १८५८ च्या जानेवारीपासून हें काम सरकारी कोर्टाकडे गेलें. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ मृत्युपत्रांबरोबर यादीहि असे. दोन शेजारी येऊन दुकानांतील एकूण एक जिन्नस मोजीत: कापड किती वार, तंबाखू किती पौंड, तराजू, वजनें, गल्ला. शेवटीं उधारी; तींत वसूल होण्याजोगें येणें निराळें आणि बुडित येणें निराळें लिहीत. गांवचा दुकानदार मुख्यतः उधारीवरच जगे आणि लंडनच्या घाऊक व्यापाऱ्यांचें देणें त्याच्या उरावर असे. म्हणून तें बुडित येणें वाचलें कीं त्या घराची चिंता नेमकी कळते.

मृत्यूचा स्वतःचाहि एक कागद होता. दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून प्रेतास लोकरी कापडच घालावें असा कायदा होता, तो १८१४ पर्यंत पुस्तकांत राहिला. तसें घातल्याचें प्रतिज्ञापत्र आठ दिवसांत द्यावें लागे, न दिल्यास पांच पौंड दंड. लोकरीच्या धंद्याला मदत व्हावी, हा हेतु. कापडवाला आणि अंत्यविधीचा व्यवस्थापक एकच असलेल्या टर्नरला हा कायदा जाचक वाटला असेल असें वाटत नाहीं. पुढें १७८३ ते १७९४ ह्या काळांत प्रत्येक बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदीवर तीन पेन्स कर होता, आणि कंगाल माणसास तो माफ होता. त्या वर्षांत बऱ्याच वह्यांत कंगालांची संख्या वाढलेली दिसते, ती सारी खरोखरच्या दारिद्र्यामुळें नव्हे.

मॉली हिक्स ही लुइसजवळच्या एका मॅजिस्ट्रेटच्या घरीं नोकरीस होती. तिच्याशीं लग्न झाल्यावर सहा आठवड्यांनीं, ३१ जुलै १७६५ रोजीं, टर्नरनें रोजनिशी बंद केली. पुढें अठ्ठावीस वर्षें तो जगला, मॉलीपासून त्याला मुलेंबाळें झालीं, दुकान चाललें. परंतु ह्या मोठ्या कालखंडाविषयीं आपण पुन्हा त्या कोरड्या ओळींवर येऊन पडतों. दुसरी बायको भांडे कीं नाहीं, मुलें आजारी पडलीं तेव्हां बाप रात्रभर जागला कीं नाहीं, कांहीं ठाऊक नाहीं. १७९३ च्या फेब्रुवारींत तो मरण पावला. त्याच्या दफनाच्या नोंदीला तो तीन पेन्सांचा कर लागू होता.

त्याच्या शंभरावर लहान वह्या वंशजांनीं जपल्या. त्यांतील उतारे १८५९ त ससेक्सच्या पुराणवस्तु मंडळाच्या ग्रंथमालेंत छापले गेले, १९२५ त त्याच्याच वंशांतील एका स्त्रीनें त्यांचें पुस्तक काढलें, आणि १९८४ त डेव्हिड व्हेझी यांनीं बरीच मोठी निवड प्रसिद्ध केली. मूळ वह्या आतां अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहेत. ईस्ट ससेक्सचें दप्तर २०१३ पासून ब्रायटनजवळच्या ‘द कीप’ ह्या इमारतींत आहे. टर्नर काय बोलला तें ऐकावयास अटलांटिकपार जावें लागतें, आणि त्याच्याविषयीं काय लिहिलें गेलें तें पाहावयास पुन्हा ससेक्सला यावें लागतें.