मोटेचं कातडं आणि मोटारीचं कातडं



आज बोलायचं आहे ते मोटारीतल्या कातडी गाद्यांविषयी. "आमच्या गावात अशा मोटारी आहेत तरी किती?" असं कुणी विचारील. पण पुण्यात सात-आठ वर्षं वापरलेली गाडी आता तालुक्याच्या गावी सहज येते, आणि येते तेव्हा तिच्या गाद्या बऱ्याचदा कळकट, निबर झालेल्या असतात. मग घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "अरे, तेल लावा की तिला!"

हा सल्ला उगीच दिलेला नसतो. त्या माणसानं विहिरीवर मोट चालताना पाहिलेली असते. मोटेच्या कातड्याला तेल पाजावं लागे, नाहीतर ते वाळून तडकायचं. ते कातडं बाभळीची साल, हिरडा अशा वस्तूंच्या पाण्यात मुरवून कमावलेलं असे. त्याच्या अंगावर रंगाचा थर नसे, त्यामुळे तेल सरळ आतल्या तंतूंपर्यंत जाई. कोल्हापुरी वहाणेचंही तसंच आहे. तिच्यावरून एरंडेलाचं बोट फिरवलं की ती मऊ राहते.

मोटारीच्या गादीचं कातडं निराळं. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं, आणि पुढे तीच रीत जगभर पसरली. गाद्यांचं कातडं बहुतेक याच रीतीनं कमावतात. अलीकडे क्रोमियम टाळणाऱ्या रीतीही आल्या आहेत. पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते वरचं अस्तर. या कातड्यावर रंगाचा आणि प्लास्टिकसारख्या द्रव्याचा अगदी पातळ थर दिलेला असतो. गादीच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहा. तो मण्यासारखा वरच राहिला, तर तिथे थर आहे. जुन्या कोल्हापुरी वहाणेवर तोच थेंब हळूहळू मुरून डाग पडेल.

जिथे पाणी शिरत नाही, तिथे तेल तरी कसं शिरणार? ते वरच राहतं, शिवणींत साचतं, धूळ धरतं. मीही एकदा हा उद्योग केलेला आहे. खोबरेल चोळलं, गादी आरशासारखी चकाकली, आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सदऱ्याची पाठ पिवळट झाली! थंडीत तेच खोबरेल शिवणींत पांढरं गोठून बसलं. ते काढता काढता नाकी नऊ आले.

खरं म्हणजे या गादीचा मोठा शत्रू तेलच आहे, आणि ते आपल्या डोक्यावरचं. मान टेकायची उशी पाहा. गादीचा रंग आधी तिथे सुटतो. केसांचं तेल आणि घाम यांनी वरचा थर मऊ पडतो आणि पुढे सोलवटतो. म्हणून त्या उशीवर धुता येईल असा सुती अभ्रा घाला. थोडक्या खर्चात काम होतं.

आता धुण्याविषयी. कातडं स्वभावानं किंचित आम्ल असतं, आणि कपड्यांचा साबण, सोडा हे अल्क. त्यांची गाठ पडली की कातडं कोरडं, राठ होतं. कोणता साबण चालेल? शिक्षकबंधुभगिनींनो, हा प्रयोग तुम्ही वर्गातही करू शकाल. हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवा. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. कागद तांबडा झाला, तर तो साबण गादीला लावू नका. पिवळाच राहिला, तर हरकत नाही. लहान मुलांचा सौम्य शांपू बहुधा या परीक्षेत उतरतो. लग्नाच्या गाडीत गादीला हळद लागली आणि घाईनं धुण्याचा साबण चोळला, तर डाग लाल का होतो, तेही मुलांना यातून कळेल.

आधी शिवणींतली धूळ मऊ ब्रशानं काढा. मग पाण्यात थोडा शांपू घालून फेस करा आणि फक्त फेस फडक्यावर घ्या. पाणी ओतू नका. दिसणार नाही अशा कोपऱ्यावर आधी करून पाहा. हलक्या हातानं पुसा, नंतर ओल्या फडक्यानं साबण काढा, मग कोरड्या फडक्यानं. गाडीची दारं उघडून सावलीत वाळू द्या. बाजारात कातड्यासाठी क्रीम मिळतं, ते चार-सहा महिन्यांतून एकदा, तेही थेंबाथेंबानं. चिकट लागलं तर जास्त झालं म्हणून समजा. आणि एक, चीर पडलेली असेल तर कुठल्याही क्रीमनं ती सांधत नाही. तिला कारागीरच हवा.

गाडी घेताना विक्रेता "सगळं लेदर आहे" असं म्हणेल. पुष्कळ गाड्यांत माणूस बसतो तेवढाच भाग कातड्याचा असतो. बाजू आणि पाठ रेक्झीनची. रेक्झीनला क्रीमची गरजच नाही.

पावसाळ्यात मात्र जपावं लागतं. पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यती भरतात त्या पावसाळ्याच्याच दिवसांत. खोगीर, लगाम भिजतात, घामानं माखतात. ते सामान सांभाळायची जुनी रीत अशी, की काम झालं की लगेच घाम पुसायचा, सावलीत वाळवायचं आणि ओलं कातडं पेटीत कोंडायचं नाही. विस्तवाजवळही धरायचं नाही. हे तुमच्या गाडीलाही लागू आहे. भिजलेल्या कपड्यांनी बसलात, तर घरी आल्यावर गादी पुसा आणि काचा बंद करण्यापूर्वी तिला वारा लागू द्या. पांढरी बुरशी दिसली, तर गाडी अंगणात आणा, नाकाला फडकं बांधा आणि ती पुसून काढा. घरात झटकू नका, नाहीतर तीच बुरशी उडून पुस्तकांच्या कपाटात जाऊन बसेल.