बोर्डावर पाटील, चुलीवर माय



मी गोदीत माल उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. विषय दिलाय 'अन्न आणि जात'. मी आपला मटणावरच बोलतो.

मागच्या महिन्यात मुंबईहून गावाकडं येताना मलकापूर-खामगाव रस्त्यावरच्या एका खानावळीत जेवलो. बोर्ड होता, 'पाटलाचं चुलीवरचं मटण'. असे बोर्ड तुम्ही मैलामैलावर पाह्यलेत. ज्वारीची भाकर, लाल तर्री, कांदा. मटण झकास होतं, खोटं कायले बोलू! हात धुवायला मागं गेलो तं एक म्हातारी फुकणीनं जाळ करत बसलेली. "माय, कोन्या गावची?" तिनं गाव सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "जय भीम, बाप्पा. पन इथं नोको बोलू."

म्हारवाड्याचं मटण, असा बोर्ड कुणी पाह्यलाय?

हे फक्त वऱ्हाडात नाही. अमेरिकेत अलाबामाच्या बर्मिंगहॅम शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' नावाची खानावळ होती. मांस धुरावर भाजून विकायची. दोनतृतीयांश नोकर काळे. पण 1927 साली उघडल्यापासून काळ्या गिऱ्हाइकाला आत बसायची बंदी. बांधून घे अन् चालता हो. 1927! त्याच साली मार्चमध्ये आपण महाडच्या तळ्यात ओंजळ घातली. 1964 ला तिकडं नागरी हक्कांचा कायदा आला, मालक कोर्टात गेला, डिसेंबरात हरला. कशावर हरला ऐका. मांस परराज्यातून येतं, म्हणजे आंतरराज्य व्यापार, म्हणून केंद्राचा कायदा लागू! काळ्या माणसाला खुर्ची मिळाली ती मांसाच्या पावतीवर.

आपल्याकडं बी सीमेचाच खेळ. 2015 च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैल कापणं गुन्हा, मांस जवळ ठेवणंही गुन्हा. 2016 च्या मे महिन्यात मुंबई हायकोर्टानं कापण्याची बंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या राज्यात कापलेलं मांस जवळ ठेवायला मोकळीक दिली. आपल्या ताटाचा न्याय जकातनाक्यावर होतो, साला!

आता टेक्सास. लॉकहार्टसारख्या लहान गावांत जर्मन खाटकांची दुकानं. कापूस वेचणारे काळे अन् मेक्सिकन मजूर तिथलं धुरावरचं मांस कागदावर घेऊन बाहेर खायचे. गाईच्या छातीचा चिवट, स्वस्त तुकडा, पण रात्रभर मंद धुरात ठेवला की लोण्यासारखा. आज त्याच तुकड्यासाठी पैसेवाले रांगा लावतात. आणि कापूस म्हणाल तर 1861 ला तिकडं यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरनं वऱ्हाडाकडं तोंड वळवलं. 1870 ला जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठीच. एकाच गिरणीच्या पोटात त्यांचा घाम गेला अन् आपल्या आज्यांचाही.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी मेलेलं ढोर खाऊ नका म्हणून सांगितलं, तू चान्यांचं कौतुक काऊन लावलं? मेल्या ढोराचं कौतुक मी करत नाही. भुकेचं कौतुक ज्यांनी कधी उपास काढला नाही त्यांनी करावं. पण मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून पावसाळा काढायची, चिवट ते मऊ करायची अक्कल आपल्या आयांची होती. ती फेकून द्या असं बाबासाहेब कुठं म्हणाले? आपण लाजेनं फेकली, दुसऱ्यानं उचलून बोर्ड लावला.

आपल्या वस्तीतली तीन पोरं फाट्यावर मटण-भाकरीची गाडी टाकताहेत. म्हातारी हातची चव द्यायला तयार आहे. भांडण नावावरून चाललंय. एक म्हणतो, 'गावरान' लिहू, जात दिसत नाही. दुसरा म्हणतो, 'भीमाई' लिहिलं तर वरच्या आळीचं गिऱ्हाईक फिरकणार नाही, भांडवल बुडेल. त्याचं भ्या खोटं नाही, कर्ज त्याच्या बापाच्या नावावर आहे. तरी मी 'भीमाई'च्या बाजूनं. पहिल्या महिन्यात तोटा आला तर माझ्या हजेरीतले पैसे घ्या.

पेंटर उद्या सकाळी येतोय. आता तुम्ही बोला.